एका चिनी अक्षराचा पुनर्जन्म

कोशांत मृत म्हणून पडून राहिलेला शब्द उठून पुन्हां बाजारांत हिंडूं लागला, असें सहसा घडत नाहीं. शब्द एकदां व्यवहारांतून गेला म्हणजे त्याचा अर्थ टीकाकारांच्या हवालीं होतो, आणि पुढें परीक्षेपुरती काय ती त्याची आठवण निघते. चिनी लिपींतील एका अक्षरानें मात्र हा नियम मोडला आहे. 'जिओंग' हा त्याचा उच्चार. तीन हजार वर्षांपूर्वींच्या हाडांवर तें कोरलेलें सांपडतें; पुढें शतकानुशतकें तें कोशांत, जुन्या विशेषनामांत व थोड्याशा कवितांत निपचित पडून होतें; आणि २००५ च्या सुमारास तैवानांतील व त्यानंतर तीन-चार वर्षांत खुद्द चीनमधील तरुणांनीं तें असें कांहीं उचललें कीं, जें अक्षर पूर्वीं पंडितांसही अडखळत वाचावें लागे तें शाळकरी मुलांच्या बोटांवर खेळूं लागलें. मौज अशी कीं, ह्या अक्षराचा मूळ अर्थ 'उजेड', आणि तरुणांनीं त्यास दिलेला अर्थ 'फजिती'. हें अर्थांतर अडाणीपणाचें मानावें कीं दुसऱ्या कशाचें, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांस चिनी लिपि येत नाहीं अशा वाचकांनीं कागदावर एक चौकोन काढावा. त्याच्या आंत, वरच्या अंगास, मध्यापासून दोन्ही बाजूंस उतरत जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा ओढाव्या, आणि त्यांच्या खालीं मधोमध एक लहानसा चौकोन काढावा. जिओंग तयार झालें. आतां तेंच चित्र थोडें दूर धरून पाहावें. बाहेरचा चौकोन हा चेहरा, तिरप्या रेषा ह्या पडलेल्या भुवया, आणि खालचा लहान चौकोन म्हणजे आ वासलेलें तोंड. भर सभेंत ज्याच्या धोतराचा सोगा सुटला आहे अशा गृहस्थाची मुद्रा ह्याहून फारशी निराळी नसते.

ह्या चेहऱ्याची हकीकत जपानपासून सुरू होते. तेथील इंटरनेटवर २००४ च्या सुमारास रोमन लिपींतील ओ, आर व झेड हीं तीन अक्षरें शेजारीं शेजारीं मांडून, गुडघे व हात जमिनीस टेकलेल्या हताश मनुष्याची आकृति दाखविण्याची टूम निघाली. ओ हें डोकें, आर म्हणजे हात व धड, झेड म्हणजे दुमडलेले पाय. तैवानांतील विद्यार्थ्यांनीं ही टूम उचलली आणि ओच्या निर्विकार वाटोळ्या डोक्याच्या जागीं जिओंग बसविलें. म्हणजे त्या हताश मनुष्यास आतां चेहराही मिळाला. तैवानच्या संगणकांत जो अक्षरसंच भरलेला होता त्यांत तेरा हजारांवर अक्षरें होतीं, व त्यांत अशीं अडगळींतलीं अक्षरेंही आलेलीं होतीं, म्हणूनच हा खेळ शक्य झाला. पुढें धड व पाय गळाले आणि चेहरा तेवढा राहिला. २००८ च्या सुमारास तो चीनमध्यें सर्वत्र पसरला. नुसतें चित्रसाम्य असतें तर कदाचित् तो इतका टिकता ना; परंतु चिनी भाषेंत 'जिओंग' ह्याच उच्चाराचें, त्याच सुराचें दुसरें एक अक्षर आहे, आणि त्याचा अर्थच मुळीं अडचणींत सांपडलेला, ओशाळलेला असा आहे. चित्रानें व ध्वनीनें एकाच दिशेस बोट दाखविलें; मग लोकांनीं तिकडे जावें ह्यांत नवल कसलें!

शिष्टांस हें रुचलें नाहीं. २००६ च्या जानेवारींत तैवानांतील महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेंत चिनी भाषेच्या प्रश्नपत्रिकेंत अयोग्य शब्दप्रयोग सुधारून लिहिण्याचा एक प्रश्न आला, व त्यांत वर सांगितलेल्या गुडघे टेकलेल्या मनुष्याची आकृति घातलेली होती. वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं अशा मुलांनीं हें कोठून ओळखावें, असा पालकांचा आक्षेप होता, आणि तो आम्हांस रास्त वाटतो. पण ह्या प्रसंगांत दुसरीही एक खोंच आहे. अशुद्ध तेवढें वगळा असें सांगणाऱ्या परीक्षकासही, तें अशुद्ध आधीं समजल्यावांचून वगळतां येत नाहीं. म्हणजे ज्या प्रयोगाचें निर्मूलन करावयाचें त्याच प्रयोगाचें ज्ञान त्यानें विद्यार्थ्यांस आवश्यक करून ठेविलें. सर्वत्रच्या परीक्षकांच्या हातून असे विनोद नकळत होत असतात.

आतां अक्षराच्या जन्माकडे वळूं. १८९९ सालीं पेकिंग येथील वांग यिरोंग ह्या विद्वान् अधिकाऱ्यास, 'ड्रॅगनचीं हाडें' म्हणून औषधांत कुटून घालण्यांत येणाऱ्या जुनाट हाडांवर लेख कोरलेले असल्याचें ओळखूं आलें, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं परकीयांच्या फौजा पेकिंगांत शिरल्या, तेव्हां ह्या मानी पुरुषानें विहिरींत उडी घेऊन प्राण दिला. त्याच्या संग्रहाचा बराच भाग लिऊ अ ह्याच्या हातीं गेला व १९०३ सालीं ह्या लेखांच्या ठशांचें पहिलें पुस्तक निघालें. पुढें १९२८ पासून १९३७ पर्यंत आन्यांग येथें पद्धतशीर उत्खनन झालें आणि शांग राजांच्या शेवटच्या राजधानीचें दप्तरच जणूं हातीं आलें. हे राजे कासवाच्या पोटाच्या कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर आंच देऊन, पडणाऱ्या भेगांवरून कौल घेत. पाऊस पडेल काय, स्वारीवर जावें काय, राणीस पुत्र होईल काय, असले प्रश्न त्या हाडांवरच कोरून ठेवीत. अशीं सुमारें दीड लाख हाडें व तुकडे आज उपलब्ध आहेत. औषधाच्या खलबत्त्यांत किती राजांचे कौल गेले असतील त्याची गणति कोण करणार!

ह्या हाडांवरचें जिओंग वाटोळें आहे. एक वर्तुळ, व त्याच्या आंत तीन-चार आंखूड रेषा. भिंतीस पाडलेला झरोका व त्यास लावलेले गज, असा त्याचा उलगडा बहुतेक अभ्यासक करतात, म्हणजे खिडकी. कांहीं लेखांत तें एका स्थळाचें नांव म्हणूनही येतें. परंतु ह्या खिडकीचा खरोखर सुंदर उपयोग प्राचीन लेखकांनीं एका दुसऱ्याच ठिकाणीं केला आहे. 'मिंग', म्हणजे तेजस्वी, हें अक्षर आज सूर्य व चंद्र शेजारीं मांडून लिहितात, आणि चिनी शिकूं लागणाऱ्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यांत तें कौतुकानें समजावून देण्यांत येतें. हाडांवर हें रूप आहे. पण त्याच्या जोडीस दुसरेंही आहे, व त्यांत सूर्याच्या जागीं खिडकी आहे. खिडकी आणि चंद्र! काळोख्या घरांत झरोक्यांतून चांदण्याचा पट्टा यावा, आणि त्यास मनुष्यानें 'उजेड' म्हणावें. सूर्य अधिक चंद्र हा ह्यापुढें आम्हांस नुसता हिशेब वाटतो. पुढें छिन राजांच्या काळीं जी मुद्रालिपि प्रमाण ठरली तिनें खिडकीचेंच रूप पत्करलें होतें. सूर्याचें रूप लिहिण्यास सोपें, म्हणून अखेरीस तें जिंकलें.

इसवी सन १०० मध्यें शू शेन ह्यानें आपला महाकोश पुरा केला, व १२१ सालीं त्याच्या मुलानें तो बादशहास सादर केला. त्यांत ९,३५३ अक्षरें असून त्यांचे ५४० वर्ग पाडलेले आहेत. जिओंगास त्यांत स्वतंत्र वर्ग आहे. मात्र ह्या वर्गाचा कुटुंबविस्तार अगदींच बेताचा, म्हणजे अक्षरें दोन: एक खिडकी स्वतः, आणि दुसरें शपथेचें अक्षर. शू शेन अर्थ देतो तो जाळीदार खिडकीचा व मोकळ्या उजेडाचा. उच्चाराच्या बाबतींत मात्र तो दोन मतें नोंदवितो: एक मत त्याचें स्वतःचें, आणि दुसरें त्याचा गुरु ज्या क्वेइ ह्याचें, गुरूच्या मतें हें अक्षर 'मिंग'सारखेंच वाचावें. ह्याचा अर्थ काय होतो तो वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. आज एकोणीसशें वर्षांनीं ज्या अक्षराच्या 'मूळ व शुद्ध' रूपाची ग्वाही दिली जाते, त्याचा उच्चार काय ह्यावर त्या काळींच गुरु-शिष्यांचें एकमत नव्हतें. अक्षर तेव्हांच दुर्मिळ झालेलें होतें, आणि कोशकार त्यास जिवंत मनुष्यास ओळखावें तसें ओळखीत नसून, जुन्या तसबिरीवरून ओळखीत होता.

पुढील काळांत ह्या अक्षराचें आयुष्य मोठें विचित्र गेलें. कवींनीं तें जपलें. थांग काळांतील हान यू (७६८–८२४) ह्यानें आपल्या शरद ऋतूवरील एका कवितेंत खिडकींतील चांदण्याचें वर्णन करतांना हें अक्षर दोनदां जोडून वापरलें आहे. पण सर्वांत गमतीचें प्रकरण दरबारांतील आहे. चीनच्या प्राचीन राजशासनांच्या संग्रहांत, चौ घराण्यांतील मू राजानें बो जिओंग नांवाच्या गृहस्थास राजाच्या रथशाळेचा मुख्य नेमल्याचें एक प्रकरण आहे. ह्या नांवांतील जिओंग किंचित् निराळ्या वळणाचें असलें तरी अक्षर तेंच. ह्या जुन्या नेमणुकीच्या स्मरणानें पुढें मिंग व छिंग बादशाहींत सरकारी घोड्यांच्या खात्याच्या प्रमुखास आदरानें 'जिओंग-मंत्री' म्हणूं लागले. वस्तुतः त्या प्रकरणाचा आज मिळणारा पाठ मागाहून कोणीं तरी रचलेला आहे, असें सतराव्या शतकांत यान रोच्यू ह्या पंडितानें साधार दाखविलें. म्हणजे पाठ बनावट, पदवी खरी. आणि ती मिरविणाऱ्या कोणा मिंग सरदारानें आज कबरींतून उठून आपली नांवाची पाटी एखाद्या चिनी विद्यार्थ्यास दाखविली, तर तो तीवर 'फजितीमंत्री' असें वाचून हंसूं लागेल!

पण ही फजितीची मुद्रा अक्षरांत आली कोठून? हाडांवरच्या वर्तुळांत ती नाहीं. मुद्रालिपींतही ती दिसत नाहीं. हान काळांत कारकुनांनीं झपाट्यानें लिहिण्यासाठीं वाटोळीं वळणें मोडून सरळ फराटे घातले; वर्तुळें चौकोनी झालीं, सूर्याची पेटी झाली, आणि खिडकींतले गज कोठें भुवयांसारखे उतरले तर कोठें तोंडासारखे जुळले. तेव्हां हा चेहरा म्हणजे कारकुनी घाईचें अनपेक्षित फळ होय. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. मूळाचा आग्रह धरावयाचा तर आजच्या रूपांत खिडकीही राहिलेली नाहीं. पंडितास ती दिसते, कारण त्यानें कोश वाचलेला असतो; कोश न वाचलेल्यास चेहरा दिसतो, कारण तो तेथें खरोखरच आहे. दोन हजार वर्षें चिनी लोक आपलीं अक्षरें चित्रें म्हणून पाहण्याचें जवळजवळ विसरून गेले होते. शू शेनच्या कोशांतील दहांपैकीं आठांहून अधिक अक्षरें एक भाग अर्थाचा व एक भाग ध्वनीचा अशा जोडणीचीं आहेत, आणि वाचणारा त्यांकडे चित्र म्हणून पाहत नाहीं. आपण 'क' पाहतांना कोठें चित्र पाहतों? ह्या मुलांनीं, अज्ञानानें कां होईना, अक्षराकडे पुन्हां शांग काळांतल्या लेखकाच्या डोळ्यांनीं पाहिलें.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं, डोळे तसे असले तरी दिसलें तें चूकच. खिडकीस चेहरा म्हणणें ही चूक नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, ही चूक असेल तर सारी चिनी लिपि अशाच चुकांवर उभी आहे. 'येणें' ह्या अर्थाचें 'लाइ' हें अक्षर मूळचें गव्हाच्या रोपाचें चित्र. 'येणें' ह्याचें चित्र काढतां येईना, गव्हाचा उच्चार त्याच्याजवळचा, म्हणून तेंच उसनें घेतलें. 'दहा हजार' हा आंकडा लिहावयाचें जुनें अक्षर म्हणजे नांगी वर केलेला विंचू. आणि 'मी', ज्याहून जवळचा शब्द मनुष्यास नाहीं, तो ज्या अक्षरानें लिहितात तें मुळांत दांतेरी पात्याचें एक शस्त्र होतें. आज कोणी चिनी मनुष्य 'मी येतों' असें लिहितांना शस्त्र व गहूं मनांत आणीत नाहीं, आणि त्यास कोणी अडाणीही म्हणत नाहीं. योगापेक्षां रूढि बलवत्तर, असें आमचे शास्त्रकार सांगतच आले आहेत. ह्याहून अलीकडचें उदाहरण हवें असल्यास स्त्रीवाचक 'ती'चें घ्यावें. चिनी भाषेंत तो, ती, तें ह्या सर्वांस 'ता' हा एकच उच्चार व पूर्वीं एकच अक्षर. १९२० सालीं ल्यू बान्नोंग ह्या कवि-भाषाशास्त्रज्ञानें 'ती'साठीं स्वतंत्र अक्षर असावें अशी सूचना केली, आणि त्यासाठीं जें रूप पुढें आलें तें जुन्या कोशांत 'थोरली बहीण' ह्या अक्षराचें अप्रचलित रूप म्हणून पडलेलें होतें. त्या वेळीं ह्यावर वाद झाला. आज त्या अक्षरावांचून चिनी कादंबरीचें एक पान पुरें होत नाहीं.

तथापि ह्या अर्थांतरांत कांहींच हरपत नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. हान यूची ती कविता आज वर्गांत लागली आणि खिडकींतील चांदण्याच्या जागीं दोन ओशाळे चेहरे विद्यार्थ्यांस दिसले, तर त्या ओळीचा शांतपणा गेलाच. टीप देऊन तो परत येत नाहीं. तसेंच 'मेइ' ह्या अक्षराचें. चिनी कवींचें अत्यंत आवडतें, थंडींत फुलणारें प्लमचें फूल. त्याच्या नांवाचें एक प्राचीन रूप असें कीं, त्यांत आज 'बावळट' ह्या अर्थीं चालणारें अक्षर शेजारीं शेजारीं दोनदां आल्यासारखें दिसतें. तरुणांनीं त्याचा अर्थ केला 'दुप्पट बावळट'. ह्या विनोदास आम्हांसही हंसूं येतें, पण थोडें वाईटही वाटतें. जिओंगाच्या बाबतींत नव्या अर्थास ध्वनीचा व चेहऱ्याचा दुहेरी आधार होता, आणि म्हणून तो भाषेंत मुरला. मेइचा विनोद हा विनोदच राहिला. असल्या शेंकडों कोट्या वर्षा-दोन वर्षांत विरून जातात, आणि त्यांवर कोणी लेखणी झिजविण्याचें कारण नाहीं.

अक्षरें कोणाच्या शब्दानें जगतात ह्याचा एक जुना प्रयोग चीनमध्यें होऊन गेला आहे. सम्राज्ञी वू च-थ्येन हिनें ६९० च्या सुमारास आपल्या हुकमानें डझनभर नवीं अक्षरें प्रचारांत आणलीं. स्वतःच्या नांवासाठीं तिनें जें अक्षर घडविलें त्यांत खालीं आकाश व वर तेंच 'मिंग', म्हणजे सूर्य व चंद्र, घातलेले होते. शिलालेखांत, दप्तरांत, धर्मग्रंथांच्या प्रतींत तीं अक्षरें सक्तीनें लिहिलीं जाऊं लागलीं. ७०५ सालीं तिची सत्ता गेली आणि अक्षरेंही गेलीं. तिचें नांव सोडलें तर त्यांतलें एखादें जपानांतील तोकुगावा मित्सुकुनी ह्या सरदाराच्या नांवांत कायतें उरलें. उलट, आमच्या बौद्ध ग्रंथांचीं भाषांतरें करणाऱ्या भिक्षूंनीं 'स्तूप' व 'संघ' ह्या शब्दांसाठीं जीं नवीं अक्षरें बनविलीं, त्यांस कोणत्याही सम्राटाचा हुकूम नव्हता. तीं आज प्रत्येक चिनी मुलास येतात.

हल्लींचें सरकारही ह्या बाबतींत स्वस्थ बसलेलें नाहीं, आणि त्याचें वर्तन दोन प्रकारचें आहे. एकीकडे २०१६ सालीं आन्यांग येथील लिपि-संग्रहालयानें, हाडांवरील अद्याप न उलगडलेलें एकेक अक्षर जो उलगडून दाखवील त्यास एक लाख युआनचें पारितोषिक जाहीर केलें. कारण तेथील सुमारें साडेचार हजार अक्षरांपैकीं निर्विवाद वाचलेलीं एक-तृतीयांशाच्या आसपासच आहेत. हा उपक्रम स्तुत्य आहे. दुसरीकडे २०१४ सालीं आकाशवाणी व चित्रवाणीवर म्हणींची मोडतोड व शब्दांच्या कोट्या करण्यास बंदी झाली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत इंटरनेटवरील 'अव्यवस्थित व असभ्य' भाषेविरुद्ध नवी मोहीम निघाली. भाषेच्या शुद्धीची कळकळ खरी असेल. पण ह्या कोट्यांस दुसरेंही एक अंग आहे. २००४ पासून सरकारनें 'सुसंवादी समाज' हें ध्येय घोषित केलें, व ज्याचें लिखाण पुसलें गेलें तो 'माझ्यावर सुसंवाद झाला' असें म्हणूं लागला. मग तो शब्दही अडवूं लागले, तेव्हां लोकांनीं त्याच्याशीं जवळजवळ सारख्या उच्चाराचा 'नदींतला खेंकडा' हा शब्द लिहावयास घेतला. २०१८ मध्यें स्त्रियांनीं आपल्यावरील अत्याचारांची वाच्यता करण्यासाठीं जें इंग्रजी घोषवाक्य उचललें होतें, त्याच्या उच्चारास जुळणारे 'भात' व 'ससा' हे चिनी शब्द जोडून त्यांनीं आपलें काम चालविलें. ज्यास मोकळेपणीं बोलतां येतें त्यास भाताशीं सशाची गांठ घालण्याचें प्रयोजन पडत नाहीं. ह्या अक्षरांची मोडतोड तरुणांनीं केली खरी, पण ती करावयास लावली कोणीं, हें विचारल्यावांचून शुद्धीची चर्चा आम्हांस तरी पुरी वाटत नाहीं.

जिओंग ह्या भानगडींत पडलें नाहीं. तें निरुपद्रवी, म्हणून त्यास राजमार्ग मोकळा मिळाला. २०१० सालीं प्रवासांतील फजितीवरचा एक विनोदी चित्रपट ह्याच अक्षराच्या नांवानें निघाला. २०१२ च्या डिसेंबरांत शू च्युंग ह्या नट-दिग्दर्शकानें थायलंडच्या सफरीवरील 'थाई जिओंग' काढला, आणि शंभर कोटि युआनपलीकडे उत्पन्न गेलेला तो पहिला चिनी चित्रपट ठरला. २०१५ मध्यें हाँगकाँगचें जिओंग आलें. २०२० च्या जानेवारींत साथीमुळें चित्रपटगृहें बंद पडलीं, तेव्हां ह्याच मालिकेंतील, आई व मुलाच्या रशियाच्या रेल्वेप्रवासाचा चित्रपट इंटरनेटवरून फुकट दाखविण्यांत आला. ह्या नांवांतून अक्षर पुन्हां एक पाऊल पुढें सरकलें आहे. तिकिटाच्या खिडकीशीं उभा राहून 'थाई जिओंग' मागणाऱ्या मनुष्यास भुवया दिसत नाहींत कीं तोंड दिसत नाहीं. त्यास ऐकूं येतो तो उच्चार, आणि त्या उच्चारानें प्रवासांत ज्याची सारखी फटफजिती होते असा एक मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. गव्हाच्या रोपाचें जें झालें तेंच ह्या चेहऱ्याचें होऊं घातलें आहे.